रक्त पास, जात कट

बंदीची मागणी आपली नाही. आपल्या बापजाद्यांचीही नव्हती. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. ज्याला पटत नसंल त्यानं भांडायला जरूर यावं, पण आधी पुरतं वाचावं.

२०२५ च्या मार्चात आपल्याच वस्तीतली चार पोरं एक निवेदन घेऊन माझ्याकडं आली. 'छावा'वर आणि धर्माच्या नावानं रक्त विकणाऱ्या तमाम पिक्चरांवर ताबडतोब बंदी घाला, असं जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं लिहिलेलं. खाली पंचवीस-तीस सह्या. मी सही केली नाही. पोरं चिडली. 'दादा, तुम्ही मऊ पडलात' म्हणाली. म्हणू द्या. मी मऊ पडलोय का कडक आहे, ते ह्या लेखावरून त्यांनी ठरवावं.

त्यांचा राग खोटा नाही. 'छावा' लागला १४ फेब्रुवारी २०२५ ला. लक्ष्मण उतेकरांचा पिक्चर, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून काढलेला. शेवटाला संभाजीराजांचे हाल. साखळदंड, मीठ, डोळे, जीभ. पडदाभर, इंचाइंचानं. सेन्सॉर बोर्डानं यूए १६+ चा शिक्का मारला, म्हणजे सोळाच्या आतलं पोरगंही आईबापाचं बोट धरून हे बघू शकतं. गोवा आणि मध्य प्रदेश सरकारनं करमाफी दिली. थेटरात माणसं रडली, घोषणा झाल्या. राजाच्या मरणावर रडू नये असं कोण म्हणंल? मी तर म्हणणार नाही.

पण थेटरातून बाहेर पडल्यावर त्या रडण्याचं बिल कुणाच्या दारात गेलं? औरंगजेब १७०७ साली मेला. मेला तो आपल्याच नगरला, भिंगारजवळ. त्याला आता कोण काय करणार? बिल गेलं मोहल्ल्यातल्या पंक्चरवाल्याच्या दारात, भंगारवाल्याच्या दारात. मार्चात खुलताबादची कबर उखडा अशी हाकाटी उठली. १७ मार्चला नागपुरात त्याच मागणीचं आंदोलन झालं, मागोमाग अफवा उठल्या, रात्री दगड आले, गाड्या पेटल्या. संचारबंदी लागली. एक माणूस जिवानिशी गेला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले की 'छावा'मुळं औरंगजेबाबद्दलचा लोकांचा राग बाहेर आला. राज्याचा गृहखात्याचा मालक हे बोलतो! राग बाहेर आला म्हणे. जसा काही उन्हाळ्यात घाम येतो तसा आला.

ह्या रागाची गोष्ट नगरच्या माणसाला वेगळी सांगायला नको. संभाजीराजांना १६८९ साली संगमेश्वराला पकडलं आणि औरंगजेबापुढं उभं केलं ते बहादूरगडावर. तो गड आपल्या श्रीगोंदा तालुक्यात, पेडगावला, भीमेच्या काठी. म्हणजे राजाची धिंड ह्याच मातीत निघाली आणि बादशाही ह्याच मातीत मेली. दोन्ही टोकं आपल्या जिल्ह्यात. म्हणून इथं हा पिक्चर नुसता पिक्चर राहत नाही. तो गावच्या वेशीवर येऊन उभा राहतो.

आता पोरांनो, ऐका. १३ मे २०२३ ला अकोल्यात दंगल झाली ती 'द केरला स्टोरी'वरच्या एका पोस्टवरून. दुसऱ्याच दिवशी, १४ मे ला, आपल्या शेवगावात दगडफेक झाली. तिथं कुठला पिक्चर होता? कुठलाच नाही. संभाजीराजांच्या जयंतीची मिरवणूक होती. अकोल्याला पिक्चरचं निमित्त, शेवगावला मिरवणुकीचं. दगड तोच, दुकानं त्याच माणसांची. उद्या तुम्ही पिक्चर बंद कराल. मिरवणूक बंद कराल? व्हॉट्सअ‍ॅप बंद कराल? आग लावणाऱ्याला काडी कुठंही मिळती. काडीवर बंदी मागून हात मोकळा सोडणं हा कुठला शहाणपणा?

आणि हा खेळ एकट्या हिंदूंचा नाही, एकट्या महाराष्ट्राचा नाही. २००४ साली मेल गिब्सननं 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' काढला. त्यात येशूला चाबकानं सोलून काढताना दाखवलंय, बघवत नाही. तेव्हा ज्यूंच्या संघटनांनी भीती बोलून दाखवली की ह्या रक्ताचं खापर पुन्हा आमच्या डोक्यावर फुटणार. गणित बघा. जुना छळ पडद्यावर, आणि जाब आजच्या शेजाऱ्याला. आपल्या जिल्ह्यात महारामांगांची कितीतरी घरं मिशनच्या काळात ख्रिस्ती झाली. त्यांनाही विचारा, क्रुसावरच्या माणसाचं दुःख आठवायचं ते कशासाठी? दुसऱ्याला क्रुसावर चढवण्यासाठी? हुतात्म्याचं रक्त दाखवणं हा गुन्हा नाही. त्या रक्ताची वसुली आज जिवंत असलेल्या गरिबाकडून करणं हा गुन्हा आहे.

आणि संभाजीराजांचं दुःख ही काय कुणा एकाची जहागिरी आहे? वढू बुद्रुकला जाऊन बघा. आपल्यातली परंपरा सांगते की राजाच्या देहाला हात लावायची कुणाची छाती नव्हती, तेव्हा गोविंद गोपाळ महारानं तो गोळा केला, अग्नी दिला. वढूत त्याची समाधी आहे. २९ डिसेंबर २०१७ ला त्या समाधीजवळचा फलक तोडला, समाधीची मोडतोड केली. तीनच दिवसांनी, १ जानेवारी २०१८ ला, कोरेगाव भीमाला आपल्या माणसांवर दगड पडले. राजासाठी थेटरात गळे काढणाऱ्यांना राजाला अग्नी देणाऱ्याच्या नावाची पाटी सहन होत नाही! तेव्हा संभाजीराजांवरचा पिक्चर बंद करा असं आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं? आपण म्हणायचं की पिक्चर अर्धा आहे. उरलेला अर्धा आम्ही सांगू.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही बंदी मागताय ती कुणाकडं? सेन्सॉर बोर्डाकडं. ही कात्री कुणी घडवली? १९१८ साली इंग्रजानं. १९५२ साली आपल्या सरकारनं तिला नवी मूठ बसवली. आणि ही कात्री कुठं चालते त्याचा ताजा हिशेब तुमच्यासमोर टाकतो.

'छावा'नंतर दोनच महिन्यांनी 'फुले' यायचा होता. ११ एप्रिल २०२५, जोतीरावांच्या जयंतीला. काही ब्राह्मण संघटनांनी नुसता ट्रेलर बघून बोंब ठोकली. बोर्डानं 'यू' सर्टिफिकेट दिलं, म्हणजे लहान लेकरांनीही बघावा असा पिक्चर. पण बदल काय सुचवले? 'महार' शब्द काढा. 'मांग' शब्द काढा. 'पेशवाई' काढा. वर्णव्यवस्था समजावून सांगणारं निवेदन काढा. कमरेला झाडू बांधलेल्या माणसाचं दृश्य बदला. तीन हजार वर्षांच्या गुलामीचा आकडा काढून नुसतं 'बऱ्याच वर्षांची' असं मोघम करा. पिक्चर दोन आठवडे लांबला, २५ एप्रिलला लागला. जयंती हुकली.

बघितलंत? डोळ्यात सळई चालते, 'मांग' शब्द चालत नाही. जिभेचं रक्त चालतं, 'महार' शब्द चालत नाही. रक्त पास, जात कट. हा बोर्डाचा न लिहिलेला नियम आहे. रक्त दाखवलं की माणूस दुसऱ्या धर्माकडं बोट दाखवतो. जात दाखवली की त्याला आपल्याच घराकडं बोट दाखवावं लागतं. म्हणून पहिलं बोट पास आणि दुसरं कट!

आणि हे शब्द नगरचे आहेत, लक्षात ठेवा. जोतीरावांनी मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं ते नगरची मिस फरारबाईंची शाळा बघून. सावित्रीबाईंनी शिकवायचं शिक्षण घेतलं ते फरारबाईंच्याच संस्थेत, नगरला. 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरलाच सुरू झाला. त्याच 'ज्ञानोदया'त १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं निबंध लिहिला. त्याचं नाव काय? 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. एकशे सत्तर वर्षांपूर्वी, इंग्रजाच्या अमलात, मांगाच्या पोरीला जे दोन शब्द छापून मिळाले ते २०२५ साली तिच्याच गुरूच्या पिक्चरात नको झाले. ह्याला प्रगती म्हणायची?

नामदेव ढसाळांचं उदाहरण घ्या. त्यांच्यावरचा 'चल हल्ला बोल' हा पिक्चर बोर्डाकडं गेला. कवितांच्या भाषेवर हरकत आली. आणि वर 'कोण नामदेव ढसाळ?' असं बोर्डाकडून विचारल्याची बातमी २०२५ साली महाराष्ट्रभर गाजली. ज्या माणसाला ह्याच देशाच्या सरकारनं १९९९ साली पद्मश्री दिली, तो ह्यांना ठाऊक नाही! ठाऊक नसायला काय झालं? ठाऊक आहे म्हणूनच विचारतात.

जरा मागं जा. १९७० साली सुप्रीम कोर्टात ख्वाजा अहमद अब्बासांचा खटला चालला. त्यांच्या माहितीपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं होती, ती बोर्डाला खुपली. कोर्टानं निकाल दिला की सिनेमाला आधी सेन्सॉर लावणं घटनेत बसतं. दोनच वर्षांनी, १९७२ साली, 'गोलपिठा' आला. त्याच वस्तीतून. तो आला, कारण पुस्तकाला छापण्याआधी बोर्डापुढं उभं राहावं लागत नाही. 'गोलपिठा'ला सर्टिफिकेट घ्यावं लागलं असतं तर आज दलित साहित्य नावाची चीज कुठं असती? ह्या विचारानं तरी अंगावर काटा येऊ द्या.

आणखी मागं जा. १९३५ साली प्रभातनं एकनाथांवर पिक्चर काढला. बालगंधर्व एकनाथ. महाराच्या घरी जेवणारा संत. धार्मिकच पिक्चर की! त्याला नाव दिलं होतं 'महात्मा'. सेन्सॉरनं अडवला, नाव बदलायला लावलं, 'धर्मात्मा' झाला. म्हणजे देवाधर्माचा पिक्चरसुद्धा महाराच्या ताटापाशी आला की कात्री बाहेर निघते. नव्वद वर्षांत माणसं बदलली, सरकारं बदलली, कात्रीची सवय तीच.

'पण दादा, आपल्या भावना दुखवणाऱ्या पिक्चरांचं काय?' हेही पोरांनी विचारलं. सरळ विचारलं, म्हणून सरळ उत्तर देतो. २०११ साली 'आरक्षण' आला तेव्हा आपल्याही संघटना बंदीसाठी उतरल्या. उत्तर प्रदेश, पंजाब, आंध्रात पिक्चर अडवला. आठवड्याभरात सुप्रीम कोर्टानं उत्तर प्रदेशाची बंदी उडवली. हाताला काय लागलं? पिक्चरची जाहिरात! आरक्षणावर दोन तास वाद घालायची आयती संधी होती, ती आपण पोलिस बंदोबस्तात घालवली.

आणि त्याच्या आधीचं १९८८ विसरलात? बाबासाहेबांचं 'रिडल्स इन हिंदुइझम' महाराष्ट्र सरकारनं छापलं, तर राम-कृष्णाचं प्रकरण काढा म्हणून शिवसेना रस्त्यावर. भावना दुखावल्या म्हणे. तेव्हा ५ फेब्रुवारीला लाखोंनी माणसं मुंबईत उतरली. हातात काय मागणी होती? एक अक्षर कापायचं नाही. खेड्यापाड्यातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या आयाबायांनी एका इंग्रजी पुस्तकातल्या अक्षरासाठी पायपीट केली. अशा आयांची पोरं तुम्ही, आणि आज कात्रीला धार लावायला निघालात? 'भावना दुखावल्या' हे वाक्य दोन्हीकडून चालतं. पण निकाल एकाच्याच बाजूनं लागतो. ज्याच्या मागं पैसा, पक्ष, पोलिस, त्याची भावना. 'छावा'तल्या लेझमीच्या नाचावर मोठ्या माणसांनी हरकत घेतली, दृश्य लगेच गेलं. शिर्क्यांच्या वंशजांनी बदनामीचा दावा लावू म्हटलं, दिग्दर्शकानं माफी मागितली. वढूच्या समाधीच्या फलकाबद्दल कुणी माफी मागितली? भावनांच्या बाजारात आपल्या मालाला भाव नाही, गड्यांनो. त्या बाजारात उभंच राहायचं नाही.

आता रक्ताचंच बोलायचं तर आपल्या जिल्ह्यातलं रक्त बघू. १ जानेवारी २०१३, सोनई. मेहतर समाजातली तीन माणसं, सफाईकाम करणारी. प्रेमप्रकरणाच्या रागातून तोडली. सेप्टिक टँकमधून, विहिरीतून मुडदे निघाले. २०१८ ला नाशिकच्या सेशन कोर्टानं सहाजणांना फाशी सुनावली. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १४ फेब्रुवारी २०१४ ला, नागराज मंजुळेंचा 'फँड्री' लागला. कैकाड्याच्या पोराला वरच्या जातीतल्या पोरीची ओढ. अडीच महिन्यांनी, २८ एप्रिलला, जामखेड तालुक्यात खर्ड्याला सतरा वर्षांचं आपलं पोरगं मारून झाडाला टांगलं. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो एवढ्यावरून. पडद्यावर जब्यानं नुसता दगड उचलला होता. खर्ड्याच्या पोराला तेवढाही वेळ मिळाला नाही.

नोव्हेंबर २०१७ ला नगरच्या कोर्टातून सगळे आरोपी सुटले. साक्षीदार एकापाठोपाठ एक फितूर. ज्यांनी बघितलं त्यांनी बघितलं नाही म्हणून सांगितलं. इथं कोणती कात्री चालली? कुठल्या बोर्डानं कट सुचवले? पोरांनो, सगळ्यात मोठं सेन्सॉर बोर्ड दिल्ली-मुंबईला नाही, गावात बसतं. चावडीवर बसतं. ते सर्टिफिकेट देत नाही, नुसतं डोळे वटारतं, आणि आख्ख्या गावाची जीभ कापली जाती. संभाजीराजांची जीभ कापल्याचं दृश्य बघून जे गाव ढसाढसा रडतं, तेच गाव कोर्टात आपली जीभ गिळून बसतं. माझं भांडण पडद्यावरच्या रक्ताशी नाही. ह्या गिळलेल्या जिभेशी आहे. ह्या जिभेला तोंड फोडायचं सोडून तुम्ही आणखी एक गप्प बसवणारी यंत्रणा मागताय?

मग काय, दगड येत राहू द्यायचे? अजिबात नाही. दगड मारणाऱ्याला धरायला कायदा आहे. धर्माधर्मात तेढ लावणाऱ्याला भारतीय न्याय संहितेचं १९६ कलम आहे. माइकवरून जो मोहल्ल्याचं नाव घेऊन चिथावतो त्याच्यावर ते लावा, नाव घेऊन लावा. सुप्रीम कोर्टानं १९८९ सालीच एका तमिळ पिक्चरच्या निकालात सांगून ठेवलंय की मोर्चाच्या आणि हिंसेच्या धमकीपुढं सरकारनं मान टाकायची नसते, बोलणाऱ्याचं रक्षण करायचं असतं. गंमत म्हणजे तो पिक्चर आरक्षणावर टीका करणारा होता. असू दे. त्या निकालाची ढाल उद्या आपल्याला लागणार आहे. दुसऱ्याच्या तोंडापुढची ढाल मोडली की आपल्याही तोंडापुढं काही राहत नाही.

तेव्हा ते निवेदन फाडा आणि नवं लिहा. त्यात मागा: बोर्डानं केलेला प्रत्येक कट कारणासकट जाहीर करा. 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द परत द्या. हे शब्द शिवी म्हणून वापरणारा वेगळा आणि इतिहास म्हणून सांगणारा वेगळा, एवढी अक्कल बोर्डाला शिकवा. बोर्डाच्या निर्णयावर अपील ऐकणारं न्यायाधिकरण सरकारनं २०२१ साली मोडीत काढलं. आता गरीब दिग्दर्शकाला थेट हायकोर्ट. ते न्यायाधिकरण परत मागा. असं निवेदन आणा, पहिली सही माझी.

आणि निवेदनावर थांबू नका. बुद्धविहारात पांढरी चादर बांधा. एका शनिवारी 'फँड्री' लावा, एका शनिवारी 'फुले'. 'छावा'सुद्धा लावा! आपल्या बायापोरांना बसवून लावा, आणि शेवटाला दिवे लावून विचारा: राजाला पकडून दिलं कुणी, अग्नी दिला कुणी, आणि तीनशे वर्षांनी दगड खाल्ले कुणी? मोहल्ल्यातल्या पोरांनाही बोलवा. ज्या रात्री असा एखादा नवा पिक्चर लागंल त्या रात्री आपली दहा पोरं मोहल्ल्याच्या तोंडावर उभी राहू द्या. दंगल अडवायला कात्री लागत नाही, छाती लागते. पेडगावला जा, वढूला जा, जुन्या माणसांना बोलतं करा, मोबाइलवर टिपून घ्या. गोविंद गोपाळाचा पिक्चर मुंबईचा कुणी शेठ काढणार नाही. तो तुम्हाला काढायचाय.

आपल्या आज्याला पाणवठ्यावर बंदी होती. बापाला देवळात बंदी होती. पाटीला, पेन्सिलीला, चांगल्या कपड्याला, घोड्यावरच्या वरातीला बंदी होती. बंदी हा शब्द ज्यांच्या पाठीवर हजारो वर्षं चाबकासारखा ओढला गेला, त्यांनी तो चाबूक उचलून पुन्हा सरकारच्या हातात द्यायचा नसतो. मोडायचा असतो.

जय भीम.